दहा किलोच्या खाली

दहा किलोच्या खाली आमचा काटा बोलत नाही.
हे मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगते
आणि प्रत्येक नवा ड्रायव्हर
भरल्या गाडीत बसून येतो, रिकामीतून हळूच उतरतो,
तंबाखू मळत उभा राहतो लांब,
स्वतःचे सत्तर किलो
कांद्याच्या भावानं विकून.

भाची सुट्टीला आलीय, रेणुका. फिजिक्स, एम.एस्सी.
रात्रपाळीला माझ्यासोबत केबिनमध्ये बसते पाय वर घेऊन,
वाया गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर काहीबाही लिहिते.
म्हणाली, मावशी, उजेड सुट्टा मिळतो.
एक कण, दोन कण. अडीच नाही.
मग ओढसुद्धा सुट्टी मिळायला हवी ना?
त्या चिल्लरीला ग्रॅव्हिटॉन म्हणतात.
बारसं उरकलंय.
बाळ कुणी पाहिलेलं नाही.

वजन किती त्याचं?
मी धंद्याचा प्रश्न विचारला.

शून्य.
सगळ्या वजनांचा निरोप्या, अंगावर स्वतःचं काही नाही.
आणि पकडायचा तर यंत्र हवं गुरू ग्रहाएवढं,
तरी कित्येक वर्षांत एखादा सापडला तर सापडला.
बाहेरचा गोंगाट अडवायला भोवती भिंत घालावी,
तर ती इतकी जाड लागेल
की आपल्याच भारानं आत बसून
काळं विवर होईल.

भिंत म्हटल्यावर मला आप्पांची आठवली, न बसलेली.
आप्पा खाणीत दगड फोडायचे.
सुट्टीच्या दिवशी त्यांनी तुर्भे स्टोअरच्या मागं आमची खोली बांधली.
ओळंबा सोडायचे, श्वास धरायचे,
तो थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.
दोरी खोटं बोलत नाही, म्हणायचे.

रेणुका म्हणाली, बोलते. थोडंसं.
शेजारी डोंगर असला की तोही ओळंब्याला आपल्याकडे ओढतो,
केसाच्या जाडीहून कितीतरी कमी.

तेव्हा पारसिक इथवर अख्खा होता.
मग तो डंपरनं माझ्या काट्यावरून गेला,
खडी म्हणून, कपची म्हणून.
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
सतरा वर्षं मी त्याच्या पावत्या फाडल्या
आणि एकीवरही लिहिलं नाही
की आप्पांच्या भिंतीला बाजूनं येणारी ओढ
आज किती कमी झाली.

तर आता ती भिंत सरळ आहे की वाकडी?
आणि ओढ जर चिल्लरीतच येत होती,
तर गेलेल्या डोंगराकडून शेवटचं नाणं
कुठल्या डंपरच्या दिवशी आलं?

रेणुका पेन चावत बसली.
आमच्याकडं दोन पुस्तकं आहेत, म्हणाली,
एक ग्रहताऱ्यांचं, एक कणांचं.
दोन्ही खरी.
एकत्र गणित मांडलं की उत्तर अनंत येतं.
अनंत म्हणजे?
म्हणजे काटा हँग.

हे मला कळलं.
हँग झाला की आम्ही प्लेटखालचा गाळ उपसतो,
वायरी पुसतो, शून्यावर आणतो.
ह्यांचा गाळ नेमका कुठं साचलाय
तेच अजून सापडत नाही, एवढंच.

पावणेचारला निफाडची गाडी आली.
अठरा टन दोनशे दहा.
ती गेल्यावर प्लेटवर कांद्याची एक साल राहिली,
दिव्याखाली तांबडी, कागदाहून हलकी.
पाटीवर पाच शून्यं.
रेणुका काचेला नाक लावून बघत होती.
साल पृथ्वीला ओढतेय, म्हणाली,
पृथ्वी सालीला ओढते तेवढ्याच जोरानं.
आणि तिनं बटण दाबलं.
यंत्र खरखरलं, पावती आली:
तारीख, वेळ, वजन शून्य.
तिनं ती घडी करून पाकिटात ठेवली.

चाळीस रुपये झाले, मी म्हटलं.